मावशींचा शनी आणि चार मिलिमीटरचा लोचा

मैत्रिणींनो, मित्रांनो आणि टेरेसची किल्ली ज्यांच्या पर्समध्ये असते त्या आदरणीय रेक्टर मॅडम,

गोष्ट २०२५ च्या कोजागिरीची आहे. ढग मधूनमधून बाजूला होत होते, गर्ल्स हॉस्टेलच्या टेरेसवर मसाला दूध उकळत होतं आणि एका कोपऱ्यात आमच्या ॲस्ट्रॉनॉमी क्लबची दुर्बीण उभी होती. चंद्राच्या थोडं वर शनी होता. आम्ही आठ दिवस आधीपासून जाहिरात केली होती, "या, शनीचं कडं स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" रांग जिन्यापर्यंत गेली. त्या रांगेत मेसच्या मावशीसुद्धा होत्या. दिवसभर पोळ्या लाटून आलेल्या, तरी अर्धा तास उभ्या राहिल्या.

मावशी वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "दिसला गं बाळा. लई छान!"

मी खूश. सहज विचारलं, "कसा दिसला मावशी? कडं कसं होतं?"

मावशी जरा गडबडल्या. "आता कसं सांगू... सगळं काळं काळंच आहे बघ, आणि मधे केसासारखं काहीतरी हलतंय."

ते केस म्हणजे त्यांच्याच पापण्या होत्या. मावशींना शनी दिसलाच नव्हता. आमचं मन मोडू नये म्हणून त्या "छान" म्हणाल्या होत्या. मग मी रूमवर जाऊन बाकीच्यांना खोदून खोदून विचारलं. तिघींनी कबूल केलं की त्यांनाही काही दिसलं नव्हतं, पण सगळ्याच "वॉव" म्हणत होत्या म्हणून त्याही म्हणाल्या!

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या दुर्बिणीत त्या दिवशी जो आयपीस लावला होता, तो २३ मुलींकडून प्रत्येकी १०० रुपये वर्गणी काढून घेतलेला होता आणि तो निवडला होता मी. हा लेख म्हणजे त्या चुकीचा जाहीर कबुलीजबाब समजा. तुमचे पैसे तरी वाचतील.

आयपीस म्हणजे काय रे भाऊ?

दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी जी छोटी नळी बसवतात तो आयपीस. मराठीत त्याला 'नेत्रिका' असा सुंदर शब्द आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे तो मला अलीकडेच कळला. पण टेरेसवर अंधारात "नेत्रिका दे गं" म्हटलं तर आमच्या क्लबात कोणी नेत्रा धावत येईल, म्हणून इथे आयपीसच म्हणते.

दुर्बिणीचा मोठा आरसा किंवा भिंग प्रकाश गोळा करून एक प्रतिमा तयार करतं. आयपीस ती प्रतिमा मोठी करून दाखवतो. किती मोठी, याचा फंडा अगदी सोपा आहे: दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ. आमची दुर्बीण न्यूटोनियन आहे, आरसा १३० मिमी व्यासाचा, फोकल लेंथ ९०० मिमी. म्हणजे २५ मिमीचा आयपीस लावला की ३६ पट, १० मिमीचा लावला की ९० पट. हे दोन्ही दुर्बिणीबरोबरच आले होते.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. ३६ पटीत शनी ज्वारीच्या दाण्याएवढा, ९० पटीत थोडा मोठा. मग ४ मिमी घेतला तर २२५ पट! शिवाय दुर्बिणीच्या खोक्यावर तर '६७५ पट' असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. ते कुठून आलं? बरोबर दिलेलं तिप्पट करणारं प्लास्टिकचं बार्लो भिंग आणि ४ मिमी, २२५ गुणिले ३. गणित बरोबर आहे, फक्त आकाशात ते चालत नाही!

पट वाढले, पण प्रकाश कुठून आणणार?

आरसा जेवढा प्रकाश गोळा करतो तेवढाच मिळतो. तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरला की प्रतिमा फिकी होते. पट दुप्पट केले की उजळपणा एक चतुर्थांश. ९० वरून २२५ वर गेलो, म्हणजे अडीच पट, म्हणजे उजळपणा सव्वासहा पटीने कमी. एकच लिटर दूध, आणि माणसं वाढली म्हणून पाणी घालत गेलो, असला प्रकार. मेसमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावाची. १३० मिमीचा आरसा साधारण ०.९ आर्कसेकंदापेक्षा बारीक अंतरावरचे दोन तारे वेगळे दाखवू शकत नाही. त्यापुढे पट वाढवले की तपशील वाढत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो. म्हणून पुस्तकी नियम असा की आरशाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त २ पट. आमच्यासाठी २६०. पण हवा साथ देईल तेव्हा! आमच्या टेरेसवर बहुतेक रात्री १२० ते १८० पटीतच सगळ्यात छान दिसतं.

तिसरी गोष्ट एक्झिट प्युपिल. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे एक्झिट प्युपिल. आरशाचा व्यास भागिले पट. ९० पटीला ती १.४ मिमी येते, २२५ पटीला जेमतेम ०.६ मिमी. इतका बारीक झोत डोळ्यात शिरला की आपल्याच डोळ्यातले तरंगणारे कण आणि धागे त्यात दिसायला लागतात. माणूस शनी बघायला येतो आणि स्वतःचा डोळा बघून जातो.

यावरून खरेदीचा एक सोपा नियम निघतो. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास, हा झाला एफ आकडा. आमचा ९०० भागिले १३०, म्हणजे जवळपास ७. जेवढा एफ आकडा, साधारण तेवढ्या मिलिमीटरचा आयपीस ग्रहांसाठी पहिला घ्यावा. त्याने एक्झिट प्युपिल १ मिमी येते आणि आरशाच्या दर मिलिमीटरला एक पट मिळतो. ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लेंथची छोटी दुर्बीण असेल तर १० मिमी. २०० मिमीचा आरसा आणि १००० मिमी फोकल लेंथ असेल तर ५ मिमी. हवा शांत असलेल्या रात्रींसाठी त्याहून थोडा लहान नंतर घेता येतो. मी हा नियम सोडून एकदम ४ मिमीवर उडी मारली.

नळीवरच्या अक्षरांचा अर्थ

आयपीसवर फोकल लेंथच्या शेजारी एक-दोन इंग्रजी अक्षरं असतात. ती वाचता आली की अर्धी खरेदी झाली.

'एच' म्हणजे हायगेन्स. १६५९ मध्ये शनीभोवती कडं आहे हे जगाला सांगणारा हाच तो क्रिस्तियान हायगेन्स. दोन भिंगांची त्याची रचना त्याच्या काळातल्या लांबलचक दुर्बिणींना ठीक होती, आजच्या आखूड दुर्बिणींना नाही. 'एसआर' म्हणजे रॅम्सडेन पद्धतीचा, तोही जुनाच. स्वस्त दुर्बिणीबरोबर 'एसआर ४' आला असेल तर त्याने ग्रह बघून खगोलशास्त्राबद्दल मत बनवू नका. 'के' म्हणजे केल्नर, १८४९ चा, तीन भिंगांचा, कमी पटीला बरा. 'पीएल' म्हणजे प्लॉसल. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमोन प्लॉसल यांनी १८६० मध्ये केलेली ही चार भिंगांची रचना आजही कमी पैशात सर्वात भरवशाची आहे. 'ओआर' म्हणजे ऑर्थोस्कोपिक, एर्न्स्ट ॲबे यांचा, १८८० चा. ग्रहांसाठी नावाजलेला, पण दृष्टिक्षेत्र लहान.

नळीची जाडीही बघा. आजची साधारण जाडी सव्वा इंच. जुन्या किंवा फार स्वस्त दुर्बिणींना ०.९६५ इंचाची बारीक नळी असते, तिच्यासाठी चांगले आयपीस मिळणं कठीण. ऑर्डर देण्याआधी पट्टी घेऊन मोजा.

मग आमचा ४ मिमी तर प्लॉसलच होता, भरवशाचा. मग मावशींना दिसलं का नाही?

कारण आय रिलीफ. डोळा आयपीसच्या काचेपासून किती दूर ठेवला तर पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. प्लॉसलमध्ये ते फोकल लेंथच्या साधारण ७० टक्के असतं. २५ मिमीला १७-१८ मिमी, आरामात. १० मिमीला ७ मिमी. आणि ४ मिमीला जेमतेम ३ मिमी! म्हणजे डोळा काचेला जवळजवळ टेकवायचा. मावशींना चष्मा. त्यांनी तो काढला नाही आणि मीही काढायला सांगितला नाही. चष्म्यासकट ३ मिमीवर डोळा न्यायचा म्हणजे अशक्यच. त्यांना काळोख दिसला यात नवल ते काय!

चष्मेवाल्यांनी लक्षात ठेवा: फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम होतं. सिलिंडर नंबर फोकसने जात नाही, पण तो थोडाच असेल तर १ मिमीच्या बारीक झोतात फारसा त्रास देत नाही. चष्मा ठेवायचाच असेल तर १५ ते २० मिमी आय रिलीफचा आयपीस शोधा.

मग घ्यायचं काय?

बजेट तंग असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, दोन भिंगं जोडलेला चांगला दुप्पट बार्लो. तो १० मिमीला ५ मिमीचं काम करायला लावतो, म्हणजे आमच्याकडे १८० पट, आणि आय रिलीफ मात्र १० मिमीचाच राहतो. बऱ्याच बार्लोंचं भिंग खालून उघडून थेट आयपीसच्या फिल्टरच्या आट्यांत बसवता येतं. तेव्हा तो साधारण दीडपट होतो. एका वस्तूत दोन. दुर्बिणीबरोबर फुकट आलेला तिप्पट प्लास्टिकचा बार्लो मात्र ड्रॉवरमध्येच शोभतो.

दुसरा रस्ता, ६ मिमीचा ६६ अंशांचा आयपीस. दिसायला जाडजूड, प्लास्टिकचा आय कप, आणि आय रिलीफ प्लॉसलच्या जवळपास तिप्पट. कडेला चित्र थोडं बिघडतं, पण ग्रह आपण मध्यभागीच बघतो. आम्ही शेवटी हाच घेतला.

हे ६६ अंश म्हणजे नुसती चैन नव्हे. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह मिनिटाला पाव अंश सरकतो. ४ मिमी प्लॉसलचं दृष्टिक्षेत्र ५० अंश, भागिले २२५, म्हणजे ०.२२ अंश. ग्रह ५३ सेकंदांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन गायब. ६ मिमीचं ६६ भागिले १५०, म्हणजे ०.४४ अंश, पावणेदोन मिनिटं. मागे रांग उभी असताना हा फरक किती मोठा आहे ते दुर्बीण सारखी सरळ करणाऱ्या मुलीलाच विचारा.

आणि विकत घेण्याआधी दुसऱ्याच्यातून बघा. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला गेलात तर "काका, तुमचा आयपीस आमच्या दुर्बिणीत लावून बघू का?" असं नम्रपणे विचारा. हौशी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

सर्किट चालत नाही, दोष आयसीचा?

लॅबमध्ये सर्किट चाललं नाही की आपण पहिला दोष आयसीला देतो. नवीन आयसी आणतो, तरी चालत नाही. शेवटी कळतं की ब्रेडबोर्डमधली वायर सैल होती. दुर्बिणीचंही अगदी तसंच. मीही सगळा दोष ४ मिमीवर टाकून मोकळी होणार होते. पण तपासल्यावर कळलं की त्या रात्री निदान चार लोचे होते, आणि आयपीस त्यातला एकच.

दुसरा लोचा फोकसचा. मी माझ्या डोळ्याला जुळवला आणि सगळ्यांना दम दिला, "कशालाही हात लावू नका!" मग चष्मा काढून बघणाऱ्याला धूसरच दिसणार. आता आम्ही प्रत्येकीचा हात धरून फोकसच्या नॉबवर ठेवतो.

तिसरा लोचा हवेचा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडतो. त्या हवेतून बघितलेला ग्रह पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. वर शनी पूर्वेला, आणि पूर्वेच्याच कोपऱ्यात आम्ही दुधाची शेगडी पेटवलेली! म्हणजे मसाला दूध आणि शनी एकाच वाफेत. उपाय: दुर्बीण शक्यतो गवतावर मांडा, मेसच्या धुराड्यावरून बघू नका, ग्रह वर चढेपर्यंत थांबा. दुर्बीण खोलीतून आणल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. आणि तारे लुकलुकत नसतील, हवा थोडी धुरकट पण शांत असेल, तर ती रात्र ग्रहांची समजा.

चौथा लोचा कॉलिमेशनचा, म्हणजे आरसे एका रेषेत नसण्याचा. डोक्यावरचा ठळक तारा जास्त पटीत मध्यभागी आणून फोकस किंचित बिघडवा. मेदुवड्यासारखी गोल कडी दिसेल. भोक मध्यभागी असेल तर ठीक. एका बाजूला सरकलं असेल तर मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवायचे, आणि दर वेळी तारा परत मध्यभागी आणायचा. आमचा मेदुवडा चक्क चंद्रकोरीकडे झुकला होता.

दोष नक्की कुठे आहे, हे शोधायची एक युक्ती माझी आवडती आहे. चित्रात डाग किंवा विचित्र आकार दिसला तर आयपीस जागच्या जागी फिरवा. डाग त्याच्याबरोबर फिरला तर दोष आयपीसचा. नाही फिरला तर डोकं तिरकं करून बघा. डोक्याबरोबर फिरला तर दोष आपल्या डोळ्याचा. दोन्हींनी नाही फिरला तर दुर्बिणीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पैसे शून्य, वेळ एक मिनिट.

गुरूशेजारी त्याचं फिकट भूत दिसलं, आणि गुरू सरकला की ते उलटीकडे पळालं, तर ते आयपीसमधलं परावर्तन आहे. उजेडात बघा, नळी आतून चकचकीत असेल तर तिथे मॅट काळा कागद लावून पाहा. सगळंच चित्र दुधाळ दिसत असेल तर काचेवर पापण्यांचा तेलकटपणा किंवा थंडीत श्वासाची वाफ असेल. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग कापसाला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा. ओढणीने कधीही नाही! आणि आपल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. (आमचं सिलिका जेल केमिस्ट्री लॅबमधून आलं आहे. रीतसर मागून.) दुर्बीण सूर्याच्या आसपाससुद्धा कधी वळवू नका. तिथे ट्रबलशूटिंगला डोळाच उरत नाही.

आणि एक दोष कोणाचाच नव्हता. ज्यांना शनी दिसला त्यांनीही तक्रार केली की कडं कुठे आहे, नुसती रेघ दिसतेय. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी काठावरून दिसत होती, त्यामुळे त्या कोजागिरीला ती रेघेसारखीच दिसणार होती. कडी त्यानंतर हळूहळू उघडत जातात. गॅलिलिओलाही १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले होते आणि १६१२ मध्ये ते गायब झाले, तेव्हा तो चक्रावून गेला होता. त्याने जे दिसलं तेच लिहून ठेवलं. "छान दिसला" असं लिहिलं असतं तर हायगेन्सला त्याचा काय उपयोग होता!

परत एकदा टेरेस

मी नोटीस बोर्डावर हिशेब लावला: किती जमले, किती गेले, चूक कोणाची. पोटात गोळा आला होता, पण कोणी पैसे परत मागितले नाहीत. एकीने खाली पेनने लिहिलं, "नेक्स्ट टाइम विचारून घे." अगदी बरोबर. मग ६ मिमीचा आयपीस मी माझ्या सुट्टीतल्या ट्यूशनच्या पैशातून घेतला.

१४ जानेवारी २०२६, संक्रांत. गुरू १० तारखेलाच सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला होता, म्हणजे ठळक आणि मोठा. शेगडी नाही, स्लॅब गार, मेदुवडा सरळ. रेक्टर मॅडमनी अकरापर्यंत परवानगी दिली. मावशी तिळगूळ घेऊन वर आल्या. मी त्यांचा चष्मा काढून हातात घेतला, त्यांचा हात नॉबवर ठेवला आणि गप्प बसले. काय दिसेल ते मुद्दाम सांगितलंच नाही.

मावशी बराच वेळ वाकून नॉब फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गोल आहे, त्याच्या अंगावर आडवे दोन पट्टे आहेत का गं? लुगड्याच्या काठासारखे?"

आहेत, मावशी. गुरूच्या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे ढगांचे पट्टे आहेत ते.

तेव्हापासून आमच्या क्लबचा एकच नियम आहे. दुर्बिणीशी उभ्या असलेल्या माणसाला "दिसलं का?" असं विचारायचं नाही. "काय दिसलं?" असं विचारायचं. आयपीस चांगला की वाईट, ते उत्तरातच कळतं.